झाकणारा हात

माझी लेक विमान चालवायला शिकते. हे वाक्य मी अजून कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण ते आमच्या ह्यांनी सांगितलेलं. मला कुणी विचारलं तर मी पदर सारखा करते आणि "व्हय, शिकती कायतरी" एवढंच म्हणते. थोरल्या जाऊबाई मग हसतात. "लेक इमान उडवती आन आई एस्टीत खिडकीला बसायला भेती," असं त्या पाहुण्यांसमोर म्हणतात. ते खोटं नाही. मला खिडकीतून मागे पळणारी झाडं बघवत नाहीत.

मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचायची सवय सुटली नाही.

आमचं गाव विट्याजवळ. इकडच्या बऱ्याच घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. कुणाचं दुकान पंजाबात, कुणाचं बंगालात. आमच्या ह्यांचं दुकान तमिळनाडूत, सेलमला आहे. लग्नानंतर बरीच वर्षं मीही तिथे होते. अरुंद, उभं घर. खाली भट्टी, वर आम्ही. तिथली भाषा मला शेवटपर्यंत आली नाही, त्यामुळे मी खाली फारशी उतरत नसे. लेक मात्र जिन्याच्या पायऱ्यांवरच वाढली. तिथे बसून ती खाली भट्टीकडे बघत राहायची.

एकदा उन्हाळ्यात तिने वडिलांसाठी पाण्याचा पेला नेला. त्यांना घाम आलेला तिला दिसला होता. लहान होती, शाळेत नुकतीच जायला लागली होती. भट्टीत धातू वितळवायची मूस लाल झाली होती, आत सोनं पाण्यासारखं झालं होतं. अशा वेळी थेंबभर पाणी जरी आत पडलं तरी त्याची एकदम वाफ होते आणि धातू अंगावर उडतो. सोनं ओतायचा साचासुद्धा आधी तापवून कोरडा करतात. शेजारच्या दुकानातल्या एका माणसाच्या गालावर तसा डाग होता.

मी जिन्यावरून बघत होते. हे ओरडले नाहीत. त्यांनी एका हाताने पोरीचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा पेल्यावर झाकण ठेवल्यासारखा ठेवला. तसंच तिला मागे मागे दाराबाहेर नेलं.  मग तिला समोर उभं करून त्यांनी शिकवलं.

"आग लागली तर काय टाकायचं?"

"वाळू."

"वाळू न्हाई घावली तर?"

"झाकायचं."

"आन पाणी?"

ती पेल्याकडे बघत म्हणाली, "पाणी पियाला."

हे हसले, आणि त्याचा पुढे खेळच झाला. गावाकडून कुणी आलं की तिला उभं करून हे प्रश्न विचारायचे. "पाणी पियाला" आलं की सगळे हसायचे. हसता हसता ते तिच्या हाडात उतरलं. आम्ही दोघी तिच्या शाळेसाठी गावी परत आलो तेव्हाची गोष्ट. एका दिवाळीत तळणीच्या तेलाने पेट घेतला. मी घाबरून मागे सरले. तिने गॅस बंद केला आणि कढईवर परात उपडी घातली. मी फोनवर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? भट्टीवरची पोरगी हाय ती."

बारावी झाल्यावर तिने विमानाचं काढलं. हे कसे तयार झाले ते मला अजून कळत नाही. धंदा बरा चालला होता आणि पोरगी एकच. शिकायची जागा सातारा जिल्ह्यात, एका जुन्या धावपट्टीवर मिळाली. तिथेच खोली घेऊन ती राहते आणि रविवारी घरी येते. शिकवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचेच आहेत.

घरी आली की ती मला सगळं सांगत बसायची. मी भाजी निवडत ऐकायचे. ती म्हणायची की विमान म्हणजे फार काही नसतं, आपल्या जीपएवढं. पुढे दोन माणसं, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. नकाशे आता टॅबवर असतात. तो चालू राहावा म्हणून पॉवर बँक, आणि मोबाईल तर असतोच. म्हणजे जाईल तिथे बॅटऱ्या. रोज उडायच्या आधी सर सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावतात. एका टेबलावर काच आहे, तिच्यावर एकेक वस्तू ठेवायची आणि बोटाने हलवून बघायची. फुगलेली बॅटरी काचेवर डुलते. तशी डुलली की सर म्हणतात, "हा पोटभर जेवून आलाय. ह्याला बाहेर बसवा."

मला त्याचं हसू यायचं. एकदा मी विचारलं, एवढ्याशा डबीची एवढी काय भीती?

"आई, एस्टीत धूर निघाला तर डायवर गाडी बाजूला घेतो. आमी कुठं घ्यायची? आन माणसं दोनच. एकटी गेले तर मी एकटीच. धुरानं डोळं भरलं तर धावपट्टी दिसायची कशी?"

तिने पुढचंही सांगितलं. आग विझवायच्या लाल नळकांड्याने वरचा जाळ विझतो, पण बॅटरीची आग तिच्या आतच असते. ती आतून तापत राहते आणि परत पेटते. म्हणून तिच्यावर पाणी ओतून तिला गार करायचं. थांबायचं, परत ओतायचं. झाकायचं अजिबात नाही, झाकलं की उष्णता आतच कोंडते. त्यासाठी पाण्याची बाटली हाताशी ठेवलेली असते. परीक्षेत तिने हे सगळं बरोबर लिहिलं होतं.

थंडीतली गोष्ट. एका मधल्याच वारी ती दुपारी घरी आली. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चप्पल. त्या पायाला पट्टी होती. मी ताट वाढलं. जेवता जेवता तिनेच सांगायला सुरुवात केली.

सकाळी सरांबरोबर ती वर गेली होती. मोबाईल तिच्या खिशातून कधी घसरला आणि सीटच्या खालच्या पट्टीत कधी अडकला ते तिला कळलंच नाही. नीट बसावं म्हणून तिने सीट पुढे ओढली आणि मोबाईल चिरडला. आधी कडवट वास आला. मग पायाजवळून पांढरा धूर. तिने पायानेच तो मोबाईल रेटून मोकळा केला. सरांनी विमान आपल्या हातात घेतलं आणि सांगितलं, पाणी ओत.

"बाटली माझ्या मांडीला लागून हुती, आई."

"मग?"

"मी जाकीट काढलं आन त्याच्यावर टाकलं. वरनं दाबून धरलं."

सर ओरडत होते, ते तिला ऐकू येत होतं. पण हात दाबूनच बसले होते. जाकिटातून जाळ वर आला तेव्हा पाय भाजला. मग सरांनीच एका हाताने विमान सांभाळत, तिच्या अंगावरून वाकून बाटली उचलली आणि ओतली. दोघं नीट उतरले. जाकिटाच्या पाठीला ताटाएवढं भोक पडलं होतं.

खाली आल्यावर सर रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "उत्तर तुला येतं. तुझ्या हाताला येत नाही. हाताला आलं की एकटी सोडेन, तोपर्यंत नाही." एकटीने लांबचा फेरा करून यायची तिची वेळ जवळ आली होती. तो झाल्याशिवाय पुढचं काही नाही.

हात धुताना ती म्हणाली, "पप्पांना सांगू नको. त्यांनीच शिकवलेलं हाय ते. जिवाला लावून घेतील."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पायाच्या पट्टीपेक्षा सरांच्या बोलण्याचाच विचार जास्त आला. हाताला येईपर्यंत नाही. म्हणजे नाही आलं तर ती एकटी जाणार नाही. देवापुढे दिवा लावताना मी काय मागावं तेच मला सुचेना. तिचा हात सुधारावा म्हणून मागितलं तर ती वर जाणार. नाही मागितलं तर तिचं तोंड बघवत नव्हतं. मी नुसतेच हात जोडले.

पाय बरा होईपर्यंत ती घरीच होती. आमचा गोठा रिकामाच असतो. तिथे तिने प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, शेजारी पाण्याची बाटली, मांडीवर जाकिटाच्या जागी जुना टॉवेल. मी बंद पडलेला मोबाईल तिच्या पायाशी टाकायचा आणि "धूर" म्हणायचं. मला ते मोठ्याने म्हणायची लाज वाटायची. "आई, ओरड की जरा, इमानात कुणी कुजबुजत न्हाई," ती म्हणायची. दरवेळी तिचा हात बाटलीकडेच गेला. एक हात पुढे विमान धरल्यासारखा, दुसऱ्याने पाणी. मला वाटलं, झालं.

मग ती म्हणाली, खरा धूर कर. पण बॅटरी पेटवायची नाही, तिचा धूर विषारी असतो, सरांनी सक्त सांगितलंय. मी चुलीतला गोवरीचा धुमसता तुकडा घमेल्यात घालून तिच्या पायाशी ठेवला. धूर तिच्या नाकात गेला आणि मांडीवरचा टॉवेल घमेल्यावर पडला. वरून दोन्ही तळवे.

परत केलं. परत टॉवेल.

ती आपल्या तळव्यांकडे बघत बसली. "ह्यो हात माझं ऐकतच न्हाई," म्हणाली आणि रडली. मी तिला जवळ घेतलं. मला तेव्हा एकदम हलकं वाटलं होतं, आणि हलकं वाटल्याचीच भीती वाटली.

त्याच आठवड्यात गावची यात्रा होती. यात्रेला गलाईवाले कुठूनही येतात. हेही आले. लेकीने बापाला सायकलवरून पडले म्हणून सांगितलं. मला रात्रभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात दाढी करत होते, मी गरम पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि तिथेच सगळं सांगून टाकलं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांचा अर्धा गाल साबणाचाच राहिला.

"म्हंजी मी शिकवलं म्हणून?"

"आवं, तुमी शिकवलं ते भट्टीचं. ते खोटं न्हाई."

"बास झालं. पोरीला घरात बसव. न्हाई उडवायचं इमान."

"ती बसंल. पर मग ती आपल्याशी बोलायची न्हाई," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला माहीत नाही. मला तर तिने घरात बसलेलंच हवं होतं.

त्यांनी तोंड पुसलं आणि ते गोठ्यात गेले. लेक तिथेच खुर्चीवर होती. मी दाराशी उभी राहिले.

"मला सांग. सोनं न्हाई, तर काय असतं त्या बॅटरीत?" त्यांनी विचारलं.

ती सांगायला लागली. ते उकिडवे बसून ऐकत होते, गिऱ्हाइकाचा दागिना बघताना बसतात तसे. मध्येच म्हणाले, "थांब. माझ्या भट्टीत आग बाहेरनं येती. मी ती बंद केली की सोनं गार हुतं. ह्यात आग आतनंच येती व्हय?"

"व्हय पप्पा."

"बाहेरनं वारं बंद केलं तरी?"

"तरी."

"मग झाकून काय व्हणार," ते म्हणाले. मग स्वतःशीच परत म्हणाले, "काय व्हणार झाकून."

त्यांनी मला निखारे आणायला सांगितले. घमेलं समोर ठेवून स्वतः खुर्चीवर बसले आणि बाटली हातात घेतली. बाटली उचलली, तिरकी केली आणि हात तसाच राहिला. पाणी बाटलीच्या तोंडापर्यंत आलं होतं, पडत नव्हतं. आयुष्यभर त्या हाताने आगीपासून पाणी लांब ठेवलं होतं.

"माझा बी हात जात न्हाई गं," ते म्हणाले.

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "डोळं मिटा आन वता."

त्यांनी खरंच डोळे मिटले, तोंड एका बाजूला फिरवलं आणि ओतलं. चर्र आवाज झाला, राख उडाली आणि त्यांच्या अर्ध्या राहिलेल्या दाढीला चिकटली. बाकी काही झालं नाही. ते डोळे उघडून घमेल्याकडे बघत राहिले.

यात्रेचे दिवस आमच्या गोठ्यात असेच गेले. बाहेर ढोल, पाळणे, कुस्त्यांचं मैदान, आणि आत बाप-लेक धुराने डोळे चोळत बसलेले. थोरल्या जाऊबाईंनी डोकावून विचारलं, "यात्रेत हुळी कुणाची पेटवलीय?" हे त्यांना म्हणाले, "वैनी, पोरीला पाणी वतायला शिकवतोय." त्या म्हणाल्या, "आता व्हय? लगीन करून दिली असती तर चार घागरी वतून मोकळी झाली असती."

जुना खेळ नव्याने सुरू झाला.

"ह्यातनं धूर आला तर?"

"पाणी."

"परत धूर आला तर?"

"परत पाणी."

"आन झाकायचं?"

"न्हाई."

पहिल्या दिवशी टॉवेल पडत होता. मग टॉवेल अर्ध्यावरून मागे यायला लागला. मग टॉवेल मांडीवरच राहिला. हे खूश होते. मी निखारे आणत होते, राख टाकत होते, घमेलं घासत होते.

यात्रा संपायच्या आदल्या दिवशी पुऱ्या होत्या. लेक तळत होती, मी लाटत होते. पाहुण्यांशी बोलताना गॅस मोठाच राहिला आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला. तिचा हात शेजारच्या पाण्याच्या तांब्यावर गेला. तांब्या उचलला गेला. मी लाटणं टाकून तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने परात ओढून कढईवर घातली. गॅस कुणी बंद केला ते आठवत नाही. बहुतेक मीच.

ती पांढरी पडली. तांब्यातलं पाणी हिंदकळून माझ्या पदरावर सांडलं होतं. तापलेल्या तेलात ते गेलं असतं तर काय झालं असतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

हे दारात उभे होते. त्यांनी बघितलं होतं. ते म्हणाले, "आता दोन हात झालं हिला. येळंला कुठला उठंल?"

तिने तांब्या खाली ठेवला. "सर म्हणत्यात, आधी बघायचं. काय जळतंय ते बघायचं, मग हात उचलायचा."

"तेवढा येळ असतो व्हय?"

 पुऱ्या तशाच राहिल्या, आम्ही भाकरी केली.

हे सेलमला परत गेले. लेक धावपट्टीवर गेली. सरांनी विमान जमिनीवर उभं ठेवून तिला आत बसवलं आणि न सांगता धूर केला. मग परत केला. मग एका दिवशी फोन आला, "आई, सर म्हणाले झालं. सोडतो म्हणाले. तू येतीस?"

मी आजवर एकटीने एवढा प्रवास केला नव्हता. विट्याहून एक एस्टी, मग दुसरी. दुसऱ्या गाडीत खिडकीचीच जागा रिकामी होती. मी बसले.

तिथे पोहोचले तेव्हा टेबलाभोवती सगळी पोरं उभी होती. मी लांब, भिंतीला धरून उभी राहिले. लेकीने मोबाईल काचेवर ठेवला आणि बोटाने ढकलला. तो डुलला नाही. टॅब ठेवला, तोही नाही. मग मोबाईल खिशात न घालता चेन असलेल्या छोट्या पिशवीत घातला आणि पिशवी समोर दिसेल अशी बांधली. बाटली भरून घेतली. माझ्याकडे बघून तिने ती बाटली नुसती वर उचलून दाखवली.

विमान लहान होत गेलं आणि डोंगराच्या कडेला दिसेनासं झालं. सरांनी मला सिमेंटच्या बाकावर बसवलं. "वहिनी, चहा घ्या," म्हणाले. मी कप हातात धरून बसले.

ऊसतोड झालेल्या कुठल्या तरी फडात पाचट पेटवलं होतं. धूर सरळ वर जात होता आणि जळक्या पाचटाच्या काळ्या काड्या वाऱ्याने धावपट्टीवर येऊन पडत होत्या. एक माझ्या पदरावर पडली. मी ती झटकली नाही, हाताने झाकली. मग आपला हात बघितला आणि काढून घेतला.

"सर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तिनं आधी बघितलं न्हाई तर?"

सर चहा पीत होते. त्यांनी कप बाकावर ठेवला. "मग मी तिला चुकीचं सोडलं म्हणायचं," ते म्हणाले. "पण मला ती बघेल असं वाटतंय." त्यांचंही लक्ष त्या धुराकडेच होतं.

चहा गार झाला. धूर विरळ झाला. मग आवाज आधी आला आणि विमान नंतर दिसलं.

उतरल्यावर पोरांनी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. पहिल्यांदा एकटं लांब जाऊन आलेल्याला भिजवायची तिथली रीत आहे म्हणे. त्या गलबल्यात ती माझ्याकडे आली, केसांतून पाणी गळत होतं. हातात बाटली होती, भरलेली, झाकणसुद्धा न उघडलेली.

परतीच्या दुसऱ्या एस्टीत तिला तहान लागली. तिने ती बाटली उघडली आणि अर्धी एका दमात प्यायली. "पाणी पियाला," म्हणाली आणि बाटली माझ्याकडे दिली. आम्ही दोघी हसलो. हसताना मला रडूही आलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि विटा येईपर्यंत ती झोपली.

मला सगळं पाणी प्यायचा धीर झाला नाही. तळाला थोडं राखून ठेवलं. बाटली घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसले, तिच्या उजव्या हाताला लागेल अशी. सोमवारी ती परत वर जाणार आहे.